नाताळ, लहान मुले आणि चांगुलपणा: काही गैरसमज

डिसेंबर उजाडला की शाळांच्या सूचनांत आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप गटांत एक आवाहन हमखास येते: नाताळनिमित्त मुलांना द्यायला शिकवू या. हेतू चांगलाच असतो. पण या आवाहनामागे लहान मुलांविषयी जे समज असतात, ते फारसे कोणी तपासून पाहिलेले नसतात. दीड ते सहा वर्षांच्या मुलांबाबत तर त्यांतले बरेच चुकीचे आहेत, आणि त्यापायी चांगला हेतूही वाया जातो.

"पाच-सहा वर्षांपर्यंत मूल स्वार्थीच असते. दयामाया नंतर शिकवायची."

असे वाटण्याला कारण आहे. दोन वर्षांच्या मुलाच्या तोंडी दिवसभर 'माझं, माझं' असते. पाहुण्यांच्या मुलाने चेंडूला हात लावला की ते घर डोक्यावर घेते. शिवाय लहान मूल आत्मकेंद्री असते, हे मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांचे म्हणणे शिक्षणाच्या पुस्तकांतून घरोघरी पोचले. पियाजे यांचा रोख स्वार्थावर नव्हता. दुसऱ्याच्या जागेवरून पाहणे या वयाला जमत नाही, एवढेच ते सांगत होते. २००६ साली जर्मनीतल्या लाइपझिगमधील माक्स प्लांक संस्थेचे फेलिक्स वॉर्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी अठरा महिन्यांच्या २४ बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कपडे वाळत घालणाऱ्या माणसाच्या हातून चिमटा पडतो आणि त्याला तो उचलता येत नाही. दोन्ही हातांत मासिकांचा गठ्ठा असतो आणि कपाटाचे दार बंद असते. असे प्रसंग बाळांसमोर उभे केले, तेव्हा २४ पैकी २२ बाळांनी निदान एकदा तरी मदत केली. बक्षीस नव्हते, शाबासकीही नव्हती. चिमटा मुद्दाम फेकला असेल तर मात्र बाळे सहसा तो उचलून देत नव्हती. म्हणजे दिसली वस्तू की उचल, असा हा खेळ नव्हता. समोरच्याची अडचण त्यांना कळत होती.

मग ते 'माझं, माझं' कुठून येते? मदत करणे आणि आपल्याजवळचे देऊन टाकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली लवकर येते, दुसरी उशिरा. दोन वर्षांच्या मुलाकडून खेळणे सोडण्याची अपेक्षा ठेवायची आणि ते रडले की त्याला स्वार्थी ठरवायचे, हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याच मुलाला नाताळच्या देखाव्यातल्या गोठ्यासाठी गवत आणून दे, चांदणी टांगताना दोरीचे टोक धर, आजीची जपमाळ शोधून दे असे सांगावे. ते धावत जाते.

"शहाण्यासारखे वागलास तरच सांता भेट देईल, असे सांगितले की मुले चांगली वागतात."

वागतात, आणि म्हणूनच हा समज इतका टिकून आहे. डिसेंबरचे तीन आठवडे घरात शांतता लाभते आणि उपाय लागू पडला असे वाटते. परंतु २००८ साली वॉर्नेकेन आणि टोमासेलो यांनीच वीस महिन्यांच्या मुलांवर केलेल्या प्रयोगात उलटे दिसले. मदतीबद्दल ज्यांना वस्तूरूपाने बक्षीस मिळाले, ती मुले बक्षीस थांबल्यावर इतरांपेक्षा कमी मदत करू लागली. नुसत्या तोंडी कौतुकाने असा तोटा झाला नाही. जे काम मूल आपणहून करत होते, ते बक्षिसामुळे मजुरीचे झाले.

ज्यांच्यावरून सांताची कल्पना आली, ते संत निकोलस चौथ्या शतकात आजच्या तुर्कस्तानातील मायरा येथे बिशप होते. एका गरीब बापाच्या तीन मुलींसाठी त्यांनी रात्री गुपचूप सोन्याच्या थैल्या टाकल्या, अशी आख्यायिका आहे. त्या मुली शहाण्या आहेत की नाहीत, याची चौकशी त्यांनी केल्याचे त्या कथेत कुठेही नाही. कथेचा तो भाग मुलांना सांगण्याजोगा आहे: द्यायचे आणि नाव कळू द्यायचे नाही. चार वर्षांच्या मुलाला गुपित फार आवडते. शेजारच्या दाराच्या कडीला स्वतः रंगवलेले कार्ड अडकवून पळून येण्यात त्याला जी मजा येते, ती भेटवस्तूंच्या यादीत नसते.

कॅथलिक घरांत आगमनकाळात, म्हणजे नाताळच्या आधीच्या आठवड्यांत, चालणारी एक जुनी प्रथा इथे आठवते. चांगले काम केले की मुलाने रिकाम्या गव्हाणीत गवताची एक काडी ठेवायची, म्हणजे नाताळच्या रात्री बाळ येशूचे अंथरूण मऊ होईल. हेही बक्षीसच नाही का, असे कोणी विचारील. नाही, कारण काडी मुलाच्या पदरात पडत नाही, दुसऱ्याच्या अंथरुणात जाते. मात्र कोणाच्या काड्या जास्त झाल्या हे भावंडांत मोजायला बसले, की प्रथेचा जीव गेला.

"सुरुवातीला सक्तीने वाटायला लावले की पुढे सवय लागते."

दात घासण्याची सवय अशीच लागते, त्यामुळे हे पटण्याजोगे आहे. चांगुलपणाचे तसे नाही. नादिया चेर्न्याक आणि तमार कुशनिर या संशोधकांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांना एक उदास बाहुला दाखवला. काहींना स्टिकर त्या बाहुल्याला द्यायचा की स्वतः ठेवायचा, हे ठरवण्याची मोकळीक दिली. काहींना तो द्यायलाच लावला. पुढे दुसऱ्या बाहुल्याशी वाटून घेण्याची वेळ आली, तेव्हा ज्यांनी आधी स्वतः ठरवून आपला स्टिकर दिला होता त्यांनी अधिक वाटले. हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षीच्या आणखी एका अभ्यासात असे दिसले की निम्मे-निम्मे वाटावे हे तीन वर्षांच्या मुलालाही माहीत असते. हातून घडत नाही, इतकेच. तेव्हा नियम पुन्हा पुन्हा ऐकवून काही हाती लागत नाही. निवड खरी असली पाहिजे, म्हणजे 'नाही' म्हणायची मुभाही खरी असली पाहिजे. "यातली कुठली करंजी वॉचमनकाकांना द्यायची?" असे विचारले आणि मुलाने सगळ्यांत छोटी उचलली, तरी ती त्याने दिलेली आहे. आईने हळूच मोठी ठेवली की ती आईची झाली.

"फराळाच्या वेळी लहान मूल म्हणजे लुडबुड. त्याला टीव्हीसमोर बसवणेच बरे."

नाताळच्या आधीच्या आठवड्यात घरातल्या बायकांना उसंत नसते. तळण, केक, झाडलोट, नव्या कपड्यांची शिलाई, सगळे एकदम येते. त्यात पिठाचे हात घेऊन फिरणारे मूल नकोसे होते, हे कोणीही समजू शकते. पण चांगुलपणाचा खरा वर्ग भरतो तो इथेच.

कुलकुले या नाताळच्या गोड पदार्थाचे काम पाहावे. वसईत, वांद्र्याला, गोव्यात ती घरोघरी होतात. घट्ट मळलेल्या पिठाची बोराएवढी गोळी काट्याच्या पाठीवर किंवा नव्या कोऱ्या फणीवर ठेवायची, अंगठ्याने दाबून पसरायची आणि कडेकडेने गुंडाळत आणायची. रेघा उमटलेला छोटा शंख तयार होतो. ताटे भरभरून असे शंख करायचे असतात, म्हणून सगळे घर एका चादरीभोवती बसते. तळण आणि पाक मोठ्यांकडे. गोळ्या आणि शंख सगळ्यांकडे. तीन वर्षांच्या मुलाचा शंख चपटा होतो, त्याच्या रेघा एकात एक मिसळतात, पण तळल्यावर तो तितकाच कुरकुरीत लागतो. मानसशास्त्रज्ञ बार्बरा रोगॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेक्सिकोतील मूलनिवासी परंपरेच्या कुटुंबांचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. तिथे चालायला लागलेल्या मुलालाही कामातून हुसकत नाहीत. काम लांबले तरी त्याला आत घेतात. अशा घरांतली मुले मोठी झाल्यावर न सांगता हाताशी येतात. ज्याला वर्षानुवर्षे 'तू बाजूला हो' ऐकावे लागले, त्याला दहाव्या वर्षी 'जरा मदत कर' म्हटल्यावर नवल वाटले, तर दोष त्याचा नाही.

आणि ही ताटे घरातच राहत नाहीत. गोव्यात नाताळला दोदोल, बेबिंका, नेवऱ्यो, कुलकुले मांडलेले ताट शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे जाते. त्याला कॉन्सुआद म्हणतात. मृत्यूमुळे सण होत नसलेल्या घराची आठवण अशा वेळी विशेष ठेवली जाते. ते ताट नेण्याचे काम मुलाचे असावे. ताट जड असेल तर मोठ्यांनी धरावे, पण घंटी मुलाने वाजवावी आणि "हे मी केलं" हेही त्यानेच सांगावे. ज्यांची मुले आखातात किंवा कॅनडात गेली आहेत अशा म्हाताऱ्या जोडप्याच्या दारात चपट्या शंखांना फार मोठा मान मिळतो.

"मुलांना अनाथाश्रमात नेले की गरिबी कळते आणि मन मोठे होते."

हा समज सर्वांत प्रतिष्ठित आहे आणि त्यात सर्वाधिक मेहनत खर्ची पडते. आपण मोठी माणसे अशा भेटीतून हेलावून बाहेर येतो, म्हणून मूलही हेलावले असेल असे धरून चालतो. चार वर्षांच्या मुलाला प्रत्यक्षात काय दिसते? अनोळखी जागा, भाषणे, रांगेत बसवलेली मुले, आणि खेळण्यांचे खोके जे आपल्याला मिळत नाहीत. या वयात दुःख कळते ते ओळखीच्या चेहऱ्यावरचे. 'वंचित मुले' ही कल्पना त्याच्या आवाक्यातली नाही.

दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. बालगृहातल्या मुलांना डिसेंबरमध्ये पाहुण्यांसमोर बसावे लागते, गाणे म्हणावे लागते, धन्यवाद द्यावे लागतात. दुपारभर लाड करणारी माणसे परत कधी येत नाहीत. मुलांची छायाचित्रे मात्र संध्याकाळपर्यंत गटागटांत फिरतात. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड करायला बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार मनाई आहे, छायाचित्रांसकट. हे ठाऊक नसल्यामुळेच बहुतेकांच्या हातून ते घडते.

संस्थेला मदत जरूर करावी. आधी फोन करून काय हवे ते विचारावे. डिसेंबरचा केक नको, जूनमधल्या वह्या आणि रेनकोट हवेत, असेही उत्तर येऊ शकते. ती खरेदी करताना मुलाला सोबत न्यावे. आपल्याच वयाच्या कोणासाठी रेनकोटचा रंग निवडणे त्याला पुरते समजते.

"जुनी खेळणी देऊन टाकणे हाही चांगुलपणाच."

चाक निखळलेली गाडी आणि तुकडे हरवलेले कोडे दिल्याने आपले कपाट रिकामे होते, घेणाऱ्याच्या हाती मोडकी वस्तू येते. मुलाने खेळणे पुसावे, तुकडे मोजावेत आणि "मला हे असे आवडले असते का?" याचे उत्तर स्वतः द्यावे. नाही असेल तर ते देऊ नये. आवडते खेळणे मात्र मागू नये.

"द्यायला सांगितले की मुलाचा हिरमोड होतो, सणाची मजा जाते."

सक्ती केली तर होतो. पण लारा अक्निन, काइली हॅमलिन आणि एलिझाबेथ डन यांच्या २०१२ सालच्या अभ्यासात दोन वर्षांहून लहान मुलांचे चेहरे तपासले, तेव्हा खाऊ मिळण्यापेक्षा तो बाहुल्याला देताना ती अधिक खूश दिसली. संशोधकांनी हातात ठेवलेला खाऊ देण्यापेक्षा स्वतःच्या वाटीतला देताना तर त्याहून अधिक. गट लहान होता, पण निष्कर्षाची दिशा स्पष्ट आहे.

"नाताळ आपला सण नाही, आपल्या मुलाने त्यात काय करायचे?"

गोव्यात नाताळचे ताट हिंदू शेजाऱ्याकडे जाते आणि गणेशचवथीला, दिवाळीला त्याच्याकडचा फराळ ख्रिस्ती घरी येतो. ही देवघेव कोणी शाळेत शिकवलेली नाही. वर्गात एखादा सेड्रिक किंवा मारिया असेल, तर २४ डिसेंबरला त्यांच्या घरी गोठा पाहायला जावे. लहान मुलाने एक प्रश्न विचारला तरी पुरे: "हा तू मांडलास?" सेड्रिक पुढचा अर्धा तास मेंढ्या, तळे आणि दिव्यांची माळ दाखवत राहील, आणि ते मन लावून पाहणे कोणालाही जमते.