घरातील धान्याची नासाडी आणि काटकसरीची मर्यादा

अन्न टाकू नये, ही शिकवण आपल्याकडे प्रत्येक घरात आहे. भाकरीचा तुकडा पायाखाली आला, तर तो उचलून कपाळाला लावण्याची रीतही अनेक ठिकाणी आढळते. तथापि, ताटातील तुकड्याविषयी एवढी दक्षता बाळगणाऱ्या घरातच कणगीच्या तळाशी दोन-चार पायल्या ज्वारी किडून जाते आणि तिची हळहळ फारशी कोणास वाटत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, २०२२ मध्ये जगातील दुकाने, खानावळी आणि घरे यांतून मिळून सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले व त्यांपैकी ६० टक्के घरांतून गेले. शेतकऱ्याच्या घरी कोठार आणि चूल एकाच छपराखाली असतात. म्हणून त्याने दोहोंचा हिशेब एकत्र मांडणे योग्य ठरेल. एका भाकरीस १०० ग्रॅम पीठ लागते असे धरले, तर रोज दोन भाकरी टाकणाऱ्या घरातून वर्षाकाठी ७३ किलो ज्वारी जाते. कोरडवाहू ज्वारीचे पीक एकरी ४ क्विंटल धरल्यास ही सात गुंठ्यांहून अधिक जमिनीची मेहनत होय.

साठ्यातील नासाडीचे मूळ बहुतेक वेळा ओलाव्यात असते. तृणधान्यात १२ टक्क्यांहून अधिक व कडधान्यात ९ ते १० टक्क्यांहून अधिक ओलावा राहू देऊ नये. घरी यंत्र नसते. परंतु नीट वाळलेला दाणा दाताखाली कट्ट असा आवाज करून फुटतो, हे वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. दुसरी एक सोपी परीक्षा आहे. कोरड्या काचेच्या बरणीत मूठभर धान्य व थोडे सुके मीठ घालून ती चांगली हलवावी. मीठ काचेस चिकटले, तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे असे समजून धान्य पुन्हा उन्हात घालावे. उन्हातून आणलेले धान्य गरम असतानाच भरू नये. सावलीत निवू द्यावे.

पत्र्याची कोठी घेतली म्हणजे काम झाले, असा एक समज रूढ आहे. ओले धान्य कोठीत भरले, तर ते कणगीपेक्षाही लवकर बिघडते. कारण आतील ओलाव्यास बाहेर पडण्यास वाट नसते आणि रात्री पत्रा गार झाला की आतून पाणी सुटते. कोठी फळीवर अथवा विटांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवावी. सोलापूर-सांगलीकडील पेवांतही कडेचे धान्य ओलीने काळे पडते. (पेव उघडल्यावर आतील दूषित वायू निघून जाईपर्यंत कोणीही आत उतरू नये, त्यात जीव गुदमरतो.) कडधान्यातील भुंगेरा बहुधा शेतातूनच अंड्यांच्या रूपाने घरी येतो. किलोस ५ मिलिलिटर खाद्यतेल चोळून ठेवल्यास त्यास चांगला आळा बसतो. फॉस्फाइडच्या विषारी गोळ्या मात्र राहत्या घरात कधीही वापरू नयेत. त्यांतून निघणारा वायू माणसाचा प्राण घेतो आणि त्या वापरण्याची मुभा केवळ परवानाधारक जाणकारांनाच आहे.

आता काटकसरीच्या मर्यादेविषयी. बुरशी आलेले धान्य धुऊन, वाळवून, चांगल्या धान्यात मिसळून खपविण्याची प्रवृत्ती सर्वत्र आहे. गरिबीत ती समजण्यासारखी आहे; पण तिची किंमत भारी पडते. १९७४ साली राजस्थान व गुजरात यांच्या सीमेवरील जिल्ह्यांत अवेळी पावसाने भिजलेला बुरशीचा मका लोकांनी खाल्ला. त्यातील अफ्लाटॉक्सिन या विषाने यकृत बिघडून शंभराच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. १९९५ साली दख्खनच्या पठारावरील काही गावांत पावसात भिजलेल्या ज्वारीच्या व मक्याच्या भाकरी खाऊन पोटदुखी व जुलाबाची साथ आली. अफ्लाटॉक्सिन भाजल्या-शिजविल्याने पुरते नाहीसे होत नाही. म्हणून बुरशीचे धान्य वा बुरशी आलेली भाकरी टाकून देणे ही नासाडी नव्हे. ती जनावरांनाही घालू नये. दुभत्या जनावराने हे विष खाल्ले, तर त्याचा अंश दुधात उतरतो.

जनावरांच्या बाबतीत आणखी एक चूक लग्नसराईत हटकून होते. पंगतीत उरलेला भात, पोळ्या व बुंदी घमेल्यांनी गाई-बैलांपुढे ओतली जाते. गाईच्या मुखी गेले ते वाया गेले नाही, अशी त्यामागे श्रद्धा असते. शिजलेले धान्य व गोड पदार्थ एकाएकी भरपूर खाल्ल्याने जनावराच्या पोटात आम्ल वाढते आणि सकाळी धडधाकट असलेला बैल दुसऱ्या दिवशी दगावू शकतो. उरलेले चांगले अन्न त्याच वेळी माणसांत वाटावे; बाकीचे माती व काडीकचऱ्याबरोबर खतखड्ड्यात थरांनी घालावे.

चुलीपाशी करावयाचे काम त्यामानाने थोडे आहे. पीठ अंदाजाने न घेता ठराविक मापाने घ्यावे. शिळ्या भाकरीचा फोडणीचा कुस्करा करतातच. सोलापुराकडील पातळ, पूर्ण वाळवलेली कडक भाकरी पुष्कळ दिवस टिकते, यामागील तत्त्वही ओलावा घालविण्याचेच आहे. भात मात्र तासन् तास उघड्यावर राहिला असेल, तर पुन्हा गरम करूनही निर्धोक होत नाही. उरलेले संपविण्याचा भार घरातील स्त्रीवरच टाकण्याची रूढी अनेक घरांत आहे. सर्वांच्या मागून जेवून तिनेच रोज शिळे खावे, ही बचत म्हणता येणार नाही. किती माणसे जेवणार, हे पुरुषांनी वेळेवर सांगितले, तरी पुष्कळसे शिळे मुळात उरणारच नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्याने ही माहिती सभेत सांगण्यापेक्षा मृगापूर्वी घरोघरी कोठी उघडवून दाखवावी. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी धान्यात कोपरापर्यंत हात घालून पाहावा. आत ऊब लागली किंवा कुबट वास आला, तर उन्हाची वाट न पाहता त्याच दिवशी धान्य बाहेर काढून ओसरीवर पातळ पसरावे व दिवसातून तीन-चार वेळा हाताने परतावे.