रिकामे ताट : एका रहस्यपटाच्या आरंभाचा विचार

कोल्हापुरात आमचे एक लहानसे अभ्यासमंडळ आहे. महाविद्यालयात शिकणारी मुले-मुली, दोन-तीन शिक्षक आणि काही कार्यकर्ते, एवढाच त्याचा पसारा. एका पावसाळ्यात जवळच्या खेड्यातील आमच्या वस्तीतल्या एका तरुणाचे प्रेत विहिरीत सापडले. कागदोपत्री ‘अपघात’ अशी नोंद झाली. वस्तीला ते पटले नाही. मुलांनी पत्रक काढायचे ठरवले आणि पहिल्याच पानावर त्या प्रेताचे छायाचित्र घातले. मी नको म्हणालो. तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, “का सर? लोकांना हादरा बसायला नको का?”

प्रश्न रास्त होता. मला तिथल्या तिथे उत्तर देता आले नाही. पुढच्या रविवारी मी मंडळात एका रहस्यपटाची पहिली सात-आठ मिनिटे दाखवली. फ्रिट्झ लांग या दिग्दर्शकाचा ‘एम’ हा तो जर्मन चित्रपट, 1931 सालचा. लहान मुलांचे खून करणाऱ्या एका माणसाची ही कथा आहे. पण पहिल्या प्रसंगात खून दिसत नाही, प्रेत दिसत नाही, खुन्याचा चेहराही दिसत नाही. तरीही पाहणारा हादरतो. तो कशाने, हे आपण नीट पाहिले पाहिजे.

आधी पडदा काळा असतो आणि एका मुलीचा आवाज ऐकू येतो. मग उंचावरून चाळीसारख्या इमारतीचे अंगण दिसते. मुले रिंगण करून ‘कोण बाद’ असा खेळ खेळत आहेत आणि त्यांचे गाणे खुन्याविषयीच आहे. एक बाई त्यांना रागावते आणि कपड्यांची टोपली घेऊन जिना चढते. वरच्या मजल्यावर धुणे धुणारी एक आई आहे. मुलांचा आवाज येतोय तोवर ती आहेत एवढे तरी कळते, अशा अर्थाचे ती बोलते. दिग्दर्शकाने इथे आवाजाला जिवंतपणाची खूण बनवले आहे. पुढे हीच खूण तो काढून घेणार आहे.

घड्याळात बाराचे ठोके पडतात. आई हात पुसते, मुलीचे ताट मांडते. इकडे शाळा सुटते. एक पोलीस त्या मुलीला, एल्सीला, रस्ता ओलांडून देतो. ती चेंडू आपटत चालते. चेंडू एका खांबावरच्या जाहीर पत्रकावर आपटतो. खुन्याला पकडून देणाऱ्यास दहा हजार मार्कांचे बक्षीस, असे ते पत्रक आहे. त्याच कागदावर एका माणसाची सावली पडते आणि ती गोड आवाजात मुलीचे नाव विचारते. शासनाची घोषणा आणि खुन्याची सावली एकाच चौकटीत! पोलीस आहे, पत्रक आहे, बक्षीस आहे. फक्त संरक्षण नाही. एवढे मोठे विधान एका सावलीने केले आहे.

यानंतर संकलनाची करामत सुरू होते. एकदा आई, एकदा मुलगी, पुन्हा आई. माणूस शीळ घालत एका आंधळ्या विक्रेत्याकडून मुलीला फुगा घेऊन देतो. आई जिन्यात डोकावते. मग ती हाका मारू लागते आणि तिच्या हाकांवर एकामागून एक दृश्ये येतात : रिकामा जिना, माळ्यावर वाळत घातलेले कपडे, टेबलावरचे रिकामे ताट. शेवटी झुडपांतून घरंगळत आलेला चेंडू आणि तारांत अडकलेला फुगा. हाकेला उत्तर नाही. चौकटीतून माणूस काढून घेतला आणि त्याच्या वस्तू तेवढ्या ठेवल्या, की मरण न दाखवताही कळते. दिग्दर्शक अर्धे काम पाहणाऱ्याच्या मनाकडून करून घेतो.

हे परदेशी तंत्र आहे, आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. कोल्हापूरकराने तरी तसे म्हणू नये. याच शहरात 1925 साली बाबूराव पेंटर यांनी ‘सावकारी पाश’ हा मूकपट केला. सावकाराने जमीन गिळलेल्या शेतकऱ्याची ती कथा. त्यातील अंधुक उजेडातली उदास झोपडी आणि तिच्यापाशी विव्हळणारे कुत्रे ही प्रतिमा जे. बी. एच. वाडिया यांना पुढे अनेक वर्षांनंतरही आठवत होती. आवाज नव्हता, तरी ते विव्हळणे प्रेक्षकाला ‘ऐकू’ आले. 1975 च्या ‘सामना’ या चित्रपटात मारुती कांबळेचे काय झाले, हा एकच प्रश्न बलाढ्य सत्तेची झोप उडवतो. मेलेला माणूस प्रश्न होऊन परत येतो, हेच रहस्यपटाचे खरे बळ.

पण इथे एक सावधगिरी हवी. न दाखवणे म्हणजे लपवणे नव्हे. खैरलांजीत 2006 साली भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली, तेव्हा प्रेतांची छायाचित्रे बाहेर आली नसती तर ते प्रकरण दडपणे सोपे झाले असते. तरीसुद्धा 2008 च्या निकालात आरोपींना शिक्षा झाल्या, पण ॲट्रॉसिटी कायदा लागू झाला नाही. म्हणून पुरावा जपलाच पाहिजे, न्यायालयात मांडलाच पाहिजे. मात्र पुरावा आणि पत्रक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुरावा विचारतो, मारले कसे? पत्रकाने विचारायचे असते, मारले कोणाला? प्रस्थापितांच्या वृत्तपत्रांनी आपल्या माणसाला बहुधा प्रेत झाल्यावरच जागा दिली. आपणही त्याला प्रेत म्हणूनच लोकांपुढे नेले, तर तो जगला कसा हे कोण सांगणार? लांगने एका धुणेवालीच्या वाट पाहण्याला एवढा वेळ दिला, म्हणून तिचे दुःख सगळ्या शहराचे झाले.

त्या रविवारी चर्चा लांबली. सगळ्यांचे एकमत झाले असे नाही. ती विद्यार्थिनी म्हणाली, “सर, फोटो तक्रारीला जोडू. पण पत्रकासाठी आधी त्याच्या आईला भेटून येऊ.” दोघीजणी दुसऱ्या दिवशी एस.टी.ने गावी गेल्या. छायाचित्र तक्रार अर्जासोबत गेले. पत्रकाच्या पहिल्या ओळीत, त्या दिवशी तो किती वाजता घरातून निघाला आणि जेवायला कधी येतो म्हणाला होता, एवढेच लिहिले. खाली त्याचे पूर्ण नाव, आणि मग प्रश्न.