बोटभर मातीचं पठार

साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून पंचवीसेक किलोमीटर गेलं की कास लागतं. एप्रिलात इथे आलेला माणूस हिरमुसून परततो. समोर जांभ्याचा काळपट कातळ आणि करपलेलं गवत. फोटो काढावा असं काही नाही.

सुमारे १२०० मीटर उंचीवरच्या या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, माती कुठे बोटभर, कुठे तेवढीही नाही. जी आहे तिचं सत्त्व पावसाळा धुऊन नेतो. मोठ्या झाडाला मूळ रोवायला जागाच नसल्याने बुटक्या, चार महिन्यांत संसार आटोपणाऱ्या वनस्पतींचं इथे फावतं. साडेआठशेहून अधिक सपुष्प वनस्पतींची इथे नोंद आहे, आणि २०१२पासून हे पठार पश्चिम घाटासोबत युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

नापीक जमिनीवरचा सगळ्यात धूर्त तोडगा ‘सीतेची आसवं’ या नाजूक नावामागे दडलाय. वर चिमुकली जांभळी फुलं, नखाएवढीही नाहीत. पाणथळ मातीखाली मात्र याच झाडाच्या टाचणीच्या डोक्याएवढ्या पिशव्या टपून असतात. पिशवी आतलं पाणी उपसून टाकते आणि झडप मिटून बसते. एखादा सूक्ष्म जीव दाराशी असलेल्या केसाला लागला, की झडप उघडून पाण्यासकट तो आत. पापणी लवायच्या आत खेळ खलास! मातीत नायट्रोजन नाही, तर तो असा मिळवायचा. शेजारची ‘दवबिंदू’ नावाची वनस्पती तेच काम चिकट थेंबांनी करते.

टोपली कारवीला घाई नाही. ती सात वर्षांनी एकदाच फुलते. डबक्यातला वायतुरा तर उत्तर सह्याद्रीतल्या मोजक्याच सड्यांवर सापडतो. त्याचा फुलोरा इंग्रजी वाय अक्षरासारखा दुभंगलेला, म्हणून हे नाव. शास्त्रीय नावातही सातारा आहेच.

सप्टेंबरात गाड्यांची रीघ लागते. फोटोसाठी फुलांत फतकल मारणाऱ्यांना आवरायला पठाराला मध्यंतरी जाळीचं कुंपण घातलं गेलं. त्याने माणसांबरोबर गुरंही अडली. चराई थांबली तसं गवत माजलं आणि खालच्या बुटक्या फुलांवर सावली पडू लागली, अशी ओरड झाली. पुढे कुंपण निघालं. म्हशीच्या जिभेचाही या फुलोऱ्यात वाटा आहे, हे पटायला काही हंगाम जावे लागले.

दिवाळी सरली की डबकी आटतात. वायतुऱ्याची पानं कुजून जातात, आणि त्याचा कंद भेगाळलेल्या चिखलात पुढच्या जूनपर्यंत पडून राहतो.