संघटक घडवणारी शाळा

अमेरिकेतील टेनेसी राज्यात, मॉन्टीगल या डोंगराळ भागातल्या गावाजवळ १९३२ साली माइल्स हॉर्टन आणि डॉन वेस्ट यांनी हायलँडर फोक स्कूल सुरू केले. डेन्मार्कमधल्या प्रौढांच्या लोकशाळा हॉर्टन पाहून आले होते. हायलँडरमध्ये ना परीक्षा होती, ना पदवी. सुरुवातीला खाणकामगार आणि गिरणीकामगार येत. पुढे गोरे आणि कृष्णवर्णीय तिथे एकाच पंगतीला बसू लागले, आणि राज्याच्या कायद्याला नेमके तेच मंजूर नव्हते.

शिकवण्याची रीत साधी होती. सगळ्यांनी गोल करून बसायचे, आपापल्या गावचा प्रश्न मांडायचा आणि परत गेल्यावर काय करणार ते उठण्यापूर्वी सांगायचे. हॉर्टन स्वतः उत्तर देण्याचे टाळत आणि प्रश्न विचारत राहत. निर्णय बाहेरच्याने दिला की पुढच्या अडचणीतही लोक त्याच्याच तोंडाकडे बघतात, हे त्यांनी संपांमध्ये पाहिले होते.

१९५५ च्या उन्हाळ्यात रोझा पार्क्स इथल्या शिबिराला आल्या. त्याच वर्षी १ डिसेंबरला अलाबामातील माँटगोमेरीच्या बसमध्ये त्यांनी गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडायला नकार दिला आणि शहरातल्या बसवर ३८१ दिवसांचा बहिष्कार उभा राहिला. दमलेल्या शिवणकाम करणाऱ्या बाईच्या मनात एकाएकी आलेली ती लहर होती, असे अजूनही सांगितले जाते. ते खरे नाही. पार्क्स अनेक वर्षे नागरी हक्क संघटनेचे काम करत होत्या. शिबिरातून निघताना मात्र, आपल्या गावचे लोक एकजूट करतील असे त्यांना वाटत नव्हते.

हायलँडरचे सर्वांत मोलाचे काम साउथ कॅरोलायनातील जॉन्स बेटावर झाले. मतदार नोंदणीसाठी तिथे राज्यघटनेचा उतारा वाचून दाखवावा लागे, आणि ही अट कृष्णवर्णीयांना दूर ठेवायला पुरेशी होती. बेटावरून शहरात बस नेणारे इसॉ जेन्किन्स प्रवाशांकडून तो उतारा पाठ करून घेत. पण पाठांतराने अक्षरओळख होत नाही. म्हणून जानेवारी १९५७ मध्ये एका सहकारी दुकानाच्या मागच्या खोलीत रात्रीचा वर्ग सुरू झाला. पुढे किराणा, मागे वर्ग: गोऱ्यांना संशय येऊ नये, यासाठी ही सोय.

वर्ग बर्नीस रॉबिन्सन यांच्याकडे दिला. त्या केशरचना आणि शिवणकाम करणाऱ्या, शिक्षिका नव्हेत; ही निवड जाणूनबुजून केलेली होती. पेशाने शिक्षक असलेला माणूस मोठ्यांनाही पोरांसारखे वागवतो, असा अनुभव होता. रॉबिन्सन यांनी पहिल्याच दिवशी विचारले, तुम्हाला काय शिकायचे आहे? कुणाला सही करायची होती, कुणाला बायबल वाचायचे होते, कुणाला मनीऑर्डर भरायची होती. तिथूनच धडे तयार झाले. तो वर्ग १४ जणांचा होता. पुढे शेजारच्या बेटांवरही असे वर्ग निघाले.

या कामामागे हायलँडरच्या सेप्टिमा क्लार्क होत्या. नागरी हक्क संघटनेचे सदस्यत्व सोडायला नकार दिल्यामुळे चार्ल्स्टनमधली त्यांची शिक्षिकेची नोकरी गेली होती. १९६१ मध्ये हे वर्ग मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेकडे गेले आणि जॉर्जियातील डॉर्चेस्टर केंद्रात क्लार्क नवे शिक्षक घडवू लागल्या.

त्याच वर्षी टेनेसी सरकारने हायलँडरची मान्यता काढून मालमत्ता जप्त केली. आरोपांत विनापरवाना बिअर विकल्याचाही समावेश होता. संस्थेने नवे नाव घेऊन नॉक्सव्हिलमध्ये काम चालू ठेवले, आणि पुढे ती न्यू मार्केटला गेली.