डाग खाली, गळती कोठे?

सिडकोची स्थापना १९७० साली झाली. त्यानंतरच्या दोन दशकांत वाशी, नेरुळ भागांत उभ्या राहिलेल्या कित्येक इमारती आता जुन्या झाल्या आहेत. तेथे एक दृश्य नेहमीचे. पावसाळा सरून महिने उलटतात, तरी न्हाणीघराच्या छतावरचा ओला डाग वाळत नाही. खालचे कुटुंब वरच्यांकडे बोट दाखवते, वरचे म्हणतात, "आमची फरशी तर कोरडी ठणठणीत आहे." मग प्लंबर डागाच्या बरोबर वरची फरशी फोडतो. पुष्कळदा तेथे काहीच सापडत नाही.

न्हाणीघराची स्लॅब बहुधा शेजारच्या खोलीपेक्षा खाली घेतलेली असते. या खोलगट जागेतून पाइप नेतात, वर विटांचे तुकडे व सिमेंटचा भराव घालतात आणि त्यावर फरशी बसवतात. पाइप गळला की पाणी आधी या भरावात, परातीत साचावे तसे साचते आणि स्लॅबमध्ये सोपी वाट मिळेल तेथून झिरपते. म्हणून डागाची जागा फसवी असते. गळतीची वेळ मात्र बरेच सांगून जाते.

पुरवठ्याच्या पाइपात गच्चीवरच्या टाकीचा दाब रात्रंदिवस असतो. टाकीतील पाणी १० मीटर उंचावर असेल, तर हा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोग्रॅम भरतो. असा पाइप गळत असेल, तर वरचे बिऱ्हाड गावाला गेले तरी ठिबकणे चालूच राहते. सांडपाण्याच्या पाइपाची गळती आंघोळी, धुणे यांच्यामागोमाग वाढते. घर बंद राहिले की थांबते, पण भरावातले पाणी उतरल्यावर, म्हणजे काही दिवसांनी. एकाच दिवसात निकाल देणाऱ्याची येथेच फसगत होते.

म्हणून डागाखाली मोजपात्र ठेवून दर तासाला नोंद करावी व आलेख काढावा. नववीच्या मुलांना हे सहज जमेल. सेकंदाला एक थेंब आणि २० थेंबांचा १ मिलिलिटर धरला, तर दिवसाला ४ लिटरांहून अधिक पाणी होते!

पुढे एका वेळी एकच गोष्ट बदलायची. गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद करून ठिबकणे मंदावते का, ते पाहावे. त्यात त्याच रांगेतल्या सर्व घरांचे पाणी जाते, तेव्हा शेजाऱ्यांची संमती मिळवणे हीच आम्हांला सर्वांत अवघड पायरी वाटते. नंतर नहाणी ट्रॅपला बूच मारून फरशीवर दोन सेंटिमीटर पाणी एक दिवस साठवावे. आता ठिबकणे वाढले, तर दोष फरशीच्या सांध्यांत किंवा ट्रॅपच्या कडेला.

पुरवठ्याच्या पाइपाचा संशय असेल, तर नळांची तोंडे बंद करून हातपंपाने दाब देतात व दाबमापक पाहतात. पाणी जवळजवळ दाबले जात नाही. त्यामुळे थोडेसे निसटले तरी काटा झपकन उतरतो. आत हवा अडकली असेल, तर ती प्रसरण पावून दाब सावरते आणि गळती झाकते. म्हणून हवा आधी काढायची. गीझरचा पाइप थंड झाल्यावरच तपासावा, कारण पाणी निवताना आकुंचन पावते आणि गळती नसताही काटा उतरतो. थंड देशांत घर उबदार ठेवण्यासाठी फरशीखालून गरम पाण्याचे पाइप फिरवतात. ते जुने झाले की तेथेही हाच खटाटोप करावा लागतो. मात्र उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यात गळतीभोवतीचा पसरट ऊबदार डाग दिसू शकतो.

दिरंगाई मात्र नको. ओलीने स्लॅबमधील सळ्या गंजतात. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा घेतो, त्यामुळे काँक्रीट तडकते आणि पोपडे खाली कोसळतात. दुरुस्तीनंतर डागाच्या कडेने पेन्सिलीची रेघ ओढून तारीख घालावी व दर आठवड्याला पाहावे. ओल रेघेच्या आत सरकू लागली, की गळती सापडली.