ध्वनिमुद्रिकांचा संग्रह : छंद आणि व्यसन

संगीताचा शौक हा आपल्या समाजात कधीच दुर्गुण मानला गेलेला नाही. एखाद्याला पत्त्यांचा, शर्यतीचा किंवा दारूचा नाद लागला तर शेजारीपाजारी हळहळतात. पण ज्याच्या घरात शास्त्रीय संगीताच्या ध्वनिमुद्रिकांनी कपाटे भरली आहेत त्याच्याविषयी 'मोठा रसिक माणूस' असेच म्हटले जाते. हे कौतुक बहुतेक वेळा रास्त असते. परंतु ऐकण्याची आवड आणि विकत घेण्याची ओढ या दोन गोष्टी एका घरात राहिल्या तरी एक नव्हेत. पहिली दुसरीला केव्हा आणि कशी जागा करून देते, हे समजून घेण्याचा येथे प्रयत्न करावयाचा आहे. आम्ही संगीताचे पंडित नाही. आयुष्य कामगार संघटनेच्या कचेरीत गेले. तथापि माणसे पगाराचे काय करतात हे आम्हांस जवळून पाहावयास मिळाले आहे, आणि या विषयाकडे त्या बाजूनेही पाहिले पाहिजे असे आम्हांस वाटते.

तबकडी आली कोठून?

एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ तयार केला आणि एमिल बर्लिनर याने १८८७ साली सपाट तबकडीवर आवाज कोरण्याची युक्ती काढली. पुढे पंधरा वर्षांतच हे यंत्र आपल्याकडे पोहोचले. १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेडरिक गैसबर्ग या तंत्रज्ञाने कलकत्त्यास गोहरजान हिचे गाणे मुद्रित केले. गाणे संपताच ती स्वतःचे नाव इंग्रजीत पुकारते, ते ऐकून आजही लोकांना गंमत वाटते. कारण अगदी व्यवहाराचे होते : तबकड्या छापल्या जात जर्मनीतील हॅनोव्हर येथे, आणि तेथील कामगारांना कोण गात आहे हे कळावे कसे? १९०८ साली कलकत्त्यातच कारखाना निघाला आणि तबकडी हिंदुस्थानात बनू लागली. मुंबईतही 'यंग इंडिया' या छापाच्या तबकड्या १९३५ पासून सुमारे वीस वर्षे निघत होत्या.

ही जुनी तबकडी लाखेची. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर वाढणाऱ्या बारीक किड्यांचा स्राव म्हणजे लाख. छोटा नागपूरच्या जंगलांतील आदिवासी ती खरवडून बाजारात आणीत. तिच्यात दगडाची भुकटी आणि काजळी मिसळून ऊन लगद्यावर ठसा दाबला की तबकडी झाली. ती मिनिटाला ७८ फेरे घेई, दहा इंची तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे गाणे मावे, पोलादी सुईने ती दर वेळी थोडी झिजे आणि हातून पडली तर फुटे. दुसऱ्या महायुद्धात लाखेची टंचाई झाली तेव्हा अमेरिकेत जुन्या तबकड्या गोळा करून त्यांचा चुरा नव्या मालात घालीत. म्हणजे दुर्मिळता ही या वस्तूच्या अंगचीच आहे. ती वाजली की झिजते आणि पडली की संपते. जी उरली तिची किंमत वाढणारच.

संग्राहकांचे ऋण

संग्राहकांचे आपल्यावर उपकार आहेत, हे प्रथम मान्य केले पाहिजे. अल्लादियाखाँसाहेब १९४६ पर्यंत हयात होते. त्यांचा आवाज आज ऐकावयास मिळत नाही. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले, त्यांचेही तेच. त्यांच्या शिष्यांकडे पाहून गुरूची कल्पना करावयाची, एवढेच आपल्या हाती. याउलट अब्दुल करीमखाँसाहेबांची झिंझोटीतील ठुमरी आजही घरोघर वाजते. गदगमधील एका दुकानात खाँसाहेबांची तबकडी ऐकून एक मुलगा वेडावला आणि १९३३ साली गाणे शिकण्यासाठी घरातून निघून गेला. तो म्हणजे पंडित भीमसेन जोशी. लाखेच्या एका तुकड्याने केवढे काम केले पाहा!

दुसरे उदाहरण आपल्या गोव्याच्या केसरबाई केरकरांचे. १९७७ साली अमेरिकेने 'व्हॉयेजर' याने अवकाशात सोडली आणि पृथ्वीवरील निवडक संगीताची सोनेरी तबकडी त्यांच्याबरोबर पाठविली. तीत केसरबाईंची भैरवी आहे. पण त्या वेळी ही ध्वनिमुद्रिका बाजारात मिळत नव्हती. न्यूयॉर्कमधील एका दुकानातून ती शोधून काढावी लागली. कोणीतरी ती जपून ठेवली नसती तर ती सूर्यमालेबाहेर गेली नसती. तेव्हा संग्रह करणाऱ्याला सरसकट वेडा ठरविणाऱ्यांत आम्ही नाही.

यादीला शेवट का नाही?

पोस्टाची तिकिटे जमविणाऱ्याला निदान एका देशाची एका वर्षाची सगळी तिकिटे मिळाली असे समाधान लाभू शकते. आपल्या संगीताच्या संग्राहकाला ते कधीच लाभत नाही, आणि त्याचे कारण आपल्या संगीताच्या स्वभावातच आहे. आपल्याकडे राग ही लिहून ठेवलेली रचना नव्हे. तीच तोडी, तोच गवई, तीच बंदिश. पण काल गायिलेली आणि आज गायिलेली एक नाही. मग पुण्याच्या मैफलीतील तोडी आहे, पण मुंबईची नाही. मुंबईची आहे, पण ती उतारवयातली, उमेदीतली नाही. प्रत्येक नव्या मुद्रणाला 'हे माझ्याकडे नव्हते' असे खरोखरच म्हणता येते. खरेदीला असे कायमचे सबळ कारण दुसऱ्या फार थोड्या छंदांत मिळते.

त्यात माध्यमे बदलत गेली. १९४८ साली अमेरिकेत दीर्घकाळ वाजणारी तबकडी निघाली. एका बाजूस वीस मिनिटे, म्हणजे विलंबित ख्यालाला प्रथमच पाय पसरावयास जागा मिळाली. १९६३ साली कॅसेट आली, १९८२ साली कॉम्पॅक्ट डिस्क. प्रत्येक वेळी रसिकाने तेच गाणे पुन्हा विकत घेतले. आता ते गाणे खिशातील फोनवर फुकट किंवा नाममात्र पैशांत ऐकू येते. मग खरेदी थांबावयास हवी होती. पण अमेरिकेत २०२० साली तबकड्यांच्या विक्रीचे उत्पन्न १९८६ नंतर प्रथमच कॉम्पॅक्ट डिस्कच्या पुढे गेले. म्हणजे माणूस केवळ गाण्यासाठी तबकडी घेत नाही, हे उघड झाले.

मन कसे चालते?

मग तो कशासाठी घेतो? याचे काही उत्तर मानसशास्त्राने दिले आहे. स्किनर या अमेरिकन शास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले. कळ दाबली की दर वेळी दाणा मिळत असेल, तर दाणा बंद होताच कबुतर लवकर कंटाळते. पण दाणा कधी मिळतो, कधी नाही, अशी सवय असेल, तर ते चोच मारीतच राहते. जुन्या बाजारात रविवारी सकाळी तबकड्यांच्या ढिगापुढे उकिडवे बसलेल्या माणसाची स्थिती हीच असते. नऊ ढीग चाळून हाती धूळ येते. दहाव्यात एक 'ओडियन' छाप निघतो. त्या एकासाठी तो पुढचे वर्षभर रविवार घालवितो.

वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतील पेशींवर जे संशोधन केले त्यातून आणखी एक गोष्ट कळली. फळांच्या रसाची सवय झालेल्या माकडाच्या मेंदूत उल्हासाची खळबळ रस तोंडात पडताना होईनाशी झाली. ती रस मिळणार अशी खूण दिसताच होऊ लागली. म्हणजे सुखाचा मोठा वाटा मिळण्यात नसून मिळणार आहे या चाहुलीत आहे. आणलेली तबकडी आठ दिवस पिशवीतच का राहते, याचा उलगडा येथे होतो. तिचे काम दुकानातच झालेले असते.

तिसरी गोष्ट अठराव्या शतकातील फ्रेंच लेखक दिदेरो याने विनोदाने सांगितली. त्याला एक सुंदर नवा झगा मिळाला. त्यापुढे जुनी खुर्ची ओंगळ दिसू लागली, मग मेज, मग भिंतीवरील चित्रे, आणि अखेर सारी खोली बदलावी लागली. आमच्या रसिकाचेही असेच. चांगली तबकडी मिळाली की सुई चांगली हवी, मग यंत्र, मग ध्वनिक्षेपक, मग सागवानी कपाट.

क्रेपेलिन या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने खरेदीच्या अनावर ओढीची नोंद शंभर वर्षांपूर्वीच केली होती. वस्तू साठवीत जाणे आणि एकही टाकता न येणे, याला २०१३ साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत स्वतंत्र विकार म्हणून स्थान मिळाले. अर्थात प्रत्येक संग्राहक रोगी नव्हे. खऱ्या संग्राहकाची यादी असते, मांडणी असते, आपल्याजवळ काय आहे हे त्याला ठाऊक असते. जेथे यादी संपली आणि ढीग सुरू झाला, जेथे तीच तबकडी चुकून तिसऱ्यांदा घेतली गेली, तेथे सावध व्हावे.

घरचा हिशेब

आता थोडा हिशेब करू. जुन्या ३,००० तबकड्या म्हणजे ६,००० बाजू. बाजूस तीन मिनिटे धरली तर ३०० तास. रोज एक तास ऐकले तर दहा महिने पुरतील. हे झेपण्यासारखे आहे. मात्र तबकडी साधारण २०० ग्रॅमची धरली तर ६०० किलो ओझे घरात आले. दीर्घकाळच्या २,००० तबकड्या, प्रत्येकी चाळीस मिनिटांच्या, रोज तासभर ऐकावयाच्या तर साडेतीन वर्षांहून अधिक काळ लागेल, आणि तोही एकही गाणे दुसऱ्यांदा न ऐकता. आणि आता मुठीत मावणाऱ्या एक टेराबाइटच्या पेटीत साध्या प्रतीचे मुद्रण भरले तर सोळा हजार तासांहून अधिक संगीत मावते. रोज एक तास या हिशेबाने पंचेचाळीस वर्षे! पन्नाशीच्या माणसाने ती पेटी भरावयास घेतली, तर ती तो कोणासाठी भरतो आहे?

आमच्या पतपेढीत एका सभासदाने घरदुरुस्तीसाठी कर्ज घेतले. माणूस निर्व्यसनी, यंत्रावर हात चोख. हप्ते थकले तेव्हा जामीनदारांसह आम्ही त्याच्या घरी गेलो. छताला ओल तशीच होती. ओलीपासून वाचविण्यासाठी तबकड्यांची खोकी पलंगावर रचली होती आणि मुले खाली निजत होती. त्याची पत्नी भांडली नाही. तिने एवढेच विचारले, "दादा, हे ऐकतात तरी केव्हा?" तो दोन पाळ्या करीत होता, कारण तबकड्यांचे पैसे फेडावयाचे होते, आणि दोन पाळ्या केल्यावर ऐकावयास वेळ उरत नव्हता. आठ तासांच्या दिवसासाठी कामगारांनी लढे दिले ते माणसाला विसावा मिळावा म्हणून. तो विसावाच विकून त्याने विसाव्याची सामग्री घेतली होती.

अर्थशास्त्रात वस्तूचे उपयोगमूल्य आणि विनिमयमूल्य असा भेद करतात. तबकडीचे उपयोगमूल्य वाजविण्यात आहे. न वाजणारी तबकडी पुढे विकता येईल अशा आशेवर घरात बसते. पण विकावयाची वेळ येते ती बहुधा मालक गेल्यावर, आणि तेव्हा वारसांना माहिती नसते, व्यापाऱ्याला असते. आयुष्यभर एकेक करून जमविलेला ठेवा मग वजनावर जातो.

मार्ग काय?

उपदेश करण्याचा अधिकार आम्हांस नाही, पण चार साध्या गोष्टी सुचवितो. पहिली, जे आहे त्याची वही करा. कोणाचे गाणे, कोणता राग, केव्हा घेतले, किती पैशांना आणि शेवटी केव्हा ऐकले. हा शेवटचा रकाना फार बोलका असतो. दुसरी, खरेदीचा आकडा घरात उघड असू द्या. जो खर्च पत्नीपासून लपवावा लागतो तो छंद नव्हे. तिसरी, नवी घेण्यापूर्वी मागची पूर्ण ऐका. आणि ज्याला हे ठरवूनही जमत नाही, ज्याचे कर्ज वाढतच आहे, त्याने वैद्याकडे जाण्यात कमीपणा मानू नये. ताप आला तर आपण जातोच.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : संग्रह एकट्याचा ठेवू नका. मुंबईत १९९० साली भारतीय ध्वनिमुद्रिका संग्राहकांची संस्था निघाली. तिने श्रवणाचे कार्यक्रम केले, नियतकालिक काढले, माहिती नोंदविली. हे प्रत्येक गावात होऊ शकते. आपल्या कायद्याने ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षांनी संपतो; तेव्हा जुन्या लाखेच्या तबकड्यांतील संगीताचा फार मोठा भाग आज सर्वांचा झाला आहे. तो चार लोकांत वाजवावा, त्याची प्रत करून वाचनालयास द्यावी. आणि एक काम संग्राहकांनी जरूर करावे. त्या जुन्या तबकड्यांवर गवयाचे नाव ठळक असते, पण तबला कोणी वाजविला, सारंगी कोणाची, हे बहुधा छापलेलेच नसते. ज्यांच्या साथीवाचून ते गाणे उभे राहिले नसते त्यांची नावे शोधून वहीत लिहिण्यासारखे आहे. कान तयार असलेल्या माणसालाच ते करता येते, आणि त्यासाठी नवीन काही विकत घ्यावे लागत नाही. घरात आहे तेच पुन्हा पुन्हा ऐकावे लागते.