एका हाकेचे डिस्को

१९८२ साली प्रदर्शित झालेल्या, बब्बर सुभाष दिग्दर्शित ‘डिस्को डान्सर’ या हिंदी चित्रपटातील ‘जिमी जिमी जिमी आजा’ हे गाणे हिंदीचा गंध नसलेल्या देशांतही ओळखले जाते. ते गाणाऱ्या पार्वती खान यांचे नाव मात्र महाराष्ट्रातही फार थोड्यांना सांगता येते.

डिस्को हे १९७० च्या दशकात अमेरिकेतील नृत्यगृहांत रुळलेले नाचाचे संगीत असून त्यात चार मात्रांपैकी प्रत्येक मात्रेवर मोठ्या ढोलाचा सारखाच ठोका पडतो, त्यामुळे ताल न शिकलेल्याचेही पाऊल चुकत नाही. संगीतकार बप्पी लाहिरी यांनी हा ठेका सिंथेसायझरच्या, म्हणजे विजेवर स्वर निर्माण करणाऱ्या वाद्याच्या साथीने हिंदी चित्रपटात लोकप्रिय केला, आणि या गाण्याची चाल ओटावान या फ्रेंच गटाच्या १९८० सालच्या गाण्यावर बेतली. चाल उसनी असली तरी प्रसंग अस्सल देशी आहे: वैऱ्यांनी गिटारीत सोडलेल्या विजेने आईचा बळी घेतल्यापासून नायक जिमीला गिटारीचीच धास्ती बसते, भर स्पर्धेत त्याचे हातपाय गळतात आणि नायिका त्याला नावाने हाका मारत राहते. गाण्याचे सारे सामर्थ्य या हाकेत आहे, कारण कुणी कुणाला जिवाच्या आकांताने बोलावीत आहे, एवढे कोणत्याही श्रोत्याला आपसूक कळते.

सोव्हिएत संघात १९८४ मध्ये हा चित्रपट सहा कोटींच्या आसपास प्रेक्षकांनी पाहिला. २००७ मध्ये ब्रिटिश गायिका एम.आय.ए. हिने हे गाणे नव्याने गायले. आणि २०२२ मध्ये टाळेबंदीने त्रासलेल्या चिनी नागरिकांनी, ‘जिमी’चा उच्चार त्यांच्या भाषेतील ‘तांदूळ द्या’ या शब्दांसारखा असल्याने, रिकामी भांडी दाखवीत याच गाण्यावर आपले गाऱ्हाणे मांडले.

त्रिनिदादमध्ये जन्मलेल्या पार्वती खान लोकांच्या स्मरणात या एकाच गाण्याने राहिल्या, आणि याचे कारण पार्श्वगायनाच्या पद्धतीत शोधावे लागते: आवाज ध्वनिमुद्रणगृहात उमटतो, पडद्यावर चेहरा अभिनेत्री किमचा दिसतो आणि टाळ्या चेहऱ्याला मिळतात. याच चित्रपटात ‘कृष्णा धरती पे आजा तू’ हे गाणे नंदू भेंडे यांनी गायले. हिंदी श्रोत्यांना त्यांचे फारसे दुसरे गाणे आठवत नसले, तरी मराठी रसिक त्यांना विसरले नाहीत, कारण १९७८ च्या ‘तीन पैशाचा तमाशा’ या नाटकात ते स्वतः रंगमंचावर उभे राहून गात होते.

झाडीपट्टी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात पडद्यामागून गाणे आणि समोर उभे राहून गाणे यांतला हा फरक वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. दिवाळीनंतर सुरू होणाऱ्या हंगामात येथे रात्रभर चालणाऱ्या संगीत नाटकांत नट वाद्यवृंदाच्या साथीने प्रेक्षकांसमोर स्वतः गातो, आणि चांगला गळा असलेल्या नटासाठी गावोगावचे लोक मंडपात गर्दी करतात.